चाळीस दिवसांच्या आधीची भाकर

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

नवी मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक लिहितात. वय 47, सेवेत 22 वर्षं. मंडळीत ऐंशी-पंच्याऐंशी घरं, बहुतेक नगर-जालन्याकडून आलेली. पुरुष एमआयडीसीत कंत्राटावर, बायका नर्सिंगमध्ये नाहीतर घरकामाला. गेल्या दीड वर्षात एक कारखाना बंद पडला आणि मंडळीतल्या 14 घरांची मिळकत थांबली. उपासनेचा भाड्याचा हॉल सोडायची नोटीस आली. पाळकांची आई गेली. आणि तरुण संघातल्या 19 वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. त्याचा दफनविधी पाळकांनीच केला. कबरस्तानातून परतताना मुलाच्या आईने विचारलं, “पाळकसाहेब, माझा मुलगा आता कुठे असेल?” त्यांना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून एकांतात प्रार्थना होत नाही, झोप नाही. जुने उपदेश काढून वाचतात. एका रविवारी तर प्रभूची प्रार्थना म्हणताना मध्येच शब्द आठवेनात. पंचांपैकी एका ज्येष्ठांनी चाळीस दिवसांचा उपास सुचवलाय. एक पाळकमित्र म्हणतात, हा सैतानाचा हल्ला आहे. बायकोला काही सांगितलेलं नाही. “नेताच खचला तर मंडळी कोणाकडे बघणार? राजीनामा देऊ, की पुलपिटावरून सगळं कबूल करू, की विश्वास परत येईपर्यंत दम धरू?”

---

पाळकसाहेब, सलाम.

तुमचं पत्र सहा पानांचं आहे. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य चौथ्या पानावर आहे, आणि ते तुम्ही कंसात लिहिलंय: ‘कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.’ पुढच्या ओळीत लगेच हॉलच्या नोटिशीचा विषय. मी 34 वर्षं नर्सिंग केलं. पेशंट बोटाच्या जखमेबद्दल दहा मिनिटं बोलतो आणि डॉक्टर दारापाशी पोचले की म्हणतो, “हां, अजून एक, छातीत जरा दुखतं.” तुमचा कंस तसा आहे. म्हणून तो आधी सोडवू, राजीनामा-बिजिनामा नंतर.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या आणि कंसातलं वाक्य त्यांना कंसाशिवाय सांगा. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील, तिथेही जा. मात्र ‘जाग येऊ नये’वरून विचार ‘आपणच काही करून घ्यावं’ इकडे सरकत असेल, तर आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच क्षणी बायकोला उठवायचं, एकटं राहायचं नाही, आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

‘लोक काय म्हणतील’ असंही तुम्ही लिहिलंय. मी ठाण्याची. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं आहे, आणि तेव्हापासून उभ्या महाराष्ट्राने आम्हा ठाणेकरांना एक विनोद आंदण दिला आहे: ‘याला ठाण्याला पाठवा.’ लग्नात हा विनोद ऐकून हसणारी माणसं मी त्याच इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, हातात केसपेपर घेऊन उभी पाहिली आहेत. शेजारच्याला ओळख देऊन, वहीने वारा घेत. लोक म्हणतात ते म्हणतात, आणि वेळ आली की रांगेतही येतात.

मी डॉक्टर नाही, निदान करणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. कामाने आलेला पार थकवा, ज्याला बर्नआउट म्हणतात, त्याचं वर्णन जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये केलं: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणते. नैराश्य मात्र आजार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार, असं असेल तर उपचार लागतात, आणि उपचारांनी फरक पडतो. तुमच्या पत्रात मला दोन्हींच्या खुणा दिसतात. कोणती किती, ते डॉक्टर ठरवतील.

आता उपासाबद्दल. ते ज्येष्ठ तुमच्या भल्यासाठीच सांगतायत, यात शंका नाही. पण चाळीस दिवस म्हटलं की मला बायबलमधला एलीया आठवतो, आणि त्याचा अध्याय, 1 राजे 19, तुम्ही माझ्यापेक्षा शंभरदा जास्त वाचलं असेल. तरी एकदा नर्सच्या नजरेने वाचून बघा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला माणूस. विजय मिळालेला. आणि ईजबेल राणीचा एक निरोप येतो तर हा जीव घेऊन पळतो. गड्याला बैर-शेब्यात ठेवतो, एकटाच रानात दिवसभर चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. हा देवाचा संदेष्टा आहे, पाळकसाहेब. आणि हे वाक्य त्याने कंसातसुद्धा ठेवलेलं नाही.

देवदूत येतो तेव्हा काय करतो? विश्वास कमी पडला म्हणून कान धरत नाही. उपदेश नाही, प्रश्न नाही. हाताने स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, त्याला कोणी झोपेवरून बोलत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट लांबची आहे. होरेब डोंगरापर्यंतचे चाळीस दिवस येतात ते दोन जेवणं आणि दोन झोपा झाल्यावर. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न तर त्याही नंतरचा. त्या ज्येष्ठांना नम्रपणे सांगा: चाळीस दिवस मान्य आहेत, सध्या मी त्यांच्या आधीच्या भाकरीवर आहे. (मधुमेह आहे असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय. लांबचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.)

सैतानाचा हल्ला म्हणणाऱ्या मित्राशी मी वाद घालणार नाही. हल्ला असेल तर शिपायाने झोपलेलं आणि जेवलेलं असणं जास्तच गरजेचं.

आता तुमच्या पत्रात जे गृहीत धरलेलं आहे त्याकडे वळते. तुम्हाला वाटतं, तुम्ही खचलात हे अजून कोणाला कळलेलं नाही. माझे वडील जालन्याकडे पाळक होते. चार खेडी, एक सायकल. ज्या दिवशी त्यांना प्रार्थना करता यायची नाही त्या दिवशी ते ओट्यावर बूट पॉलिश करत बसायचे. एकच जोड होता. तो घासघासून, टाचेकडून टोकापर्यंत, मग फडकं, मग पुन्हा ब्रश. आई आम्हाला हळूच म्हणायची, “आज दादांना काही मागू नका.” वडिलांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की आपलं आत काय चाललंय हे घरात कोणाला ठाऊक नाही. आम्हा चार भावंडांना पॉलिशच्या वासावरून कळायचं. पुढे मोठी झाल्यावर मंडळीतल्या एका म्हातारीने मला सांगितलं, “दादांचे बूट फार चमकायला लागले की आम्ही बाया एकत्र बसून त्यांच्यासाठी मागायचो.” म्हणजे बाहेरही ठाऊक होतं. त्यांना कोणी सांगितलं नाही एवढंच, कारण सांगायची सोय वडिलांनी ठेवलीच नव्हती.

तुमच्या बायकोला माहीत आहे. तुम्ही प्रभूची प्रार्थना अडखळलात तेव्हा पुढचे शब्द कोणी उचलले, ते तुम्हीच लिहिलंय: बायकांच्या बाजूने आवाज आला आणि सगळे म्हणू लागले. मंडळी कोलमडली नाही. तिने प्रार्थना पुरी केली. तुम्ही ही घटना लाजेची म्हणून लिहिली आहे. मी ती तीनदा वाचली, मला त्यात लाजेचं काही सापडलं नाही.

आणि धुरीणांची दुर्बळता दिसली की लोकांच्या मनातून ते उतरतात, हेही तितकंसं खरं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत नवऱ्याचा, कवी रेव्हरंड टिळकांचा राग, लहर, हाती पैसा न टिकणं, सगळं हसत हसत लिहून ठेवलंय. वाचून टिळक कोणाच्या मनातून उतरले? उलट त्यांची गाणी गाताना तो चिडका, प्रेमळ माणूस डोळ्यांपुढे येतो.

दुसरं गृहीत जरा अवघड आहे. रागावू नका. पत्रभर ‘माझी मंडळी’ आहे, ‘माझी जबाबदारी’ आहे. ‘आम्ही’ हा शब्द मला एकदाच दिसला, तोही हॉलच्या भाड्याबद्दल. कारखाना बंद पडलेल्यांच्या पीएफचे अर्ज तुम्ही भरता. हॉलच्या मालकाशी तुम्ही बोलता. सिडकोच्या भूखंडाची चौकशी तुम्ही. रात्री अडीचला फोन आला की तुम्ही. मोशेही असाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसायचा. त्याला थांबवलं कोणी, तर सासऱ्याने. इथ्रोने एक दिवस बसून बघितलं आणि सांगितलं, करतोस हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि जावयाने ऐकलं! (निर्गम 18. मंडळीतल्या सासऱ्यांना हा अध्याय फार आवडतो.) त्यातलं ‘लोकही झिजतील’ एवढं लक्षात घ्या. सगळं एकट्याने करणं हा त्याग वाटतो, पण त्याने इतरांचे हात रिकामे राहतात.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणलं. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, सगळीकडे हळूहळू त्या मुलीच कामं करू लागल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले. मग 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. त्यांचं हे काम, मुक्ती मिशन, आजही चालू आहे. रमाबाईंची श्रद्धा मोठी होती हे तर आहेच, पण खिळे जुळवणारे हातही पुष्कळ होते.

मग करायचं काय?

राजीनामा आत्ता नको. तो चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. बरं वाटल्यावर, नीट झोप लागायला लागल्यावरही सेवा सोडावीशी वाटली तर जरूर सोडा, देवाला माणसं फक्त पुलपिटावरच लागतात असं नाही. पण झुडपाखाली बसून राजीनामे लिहू नयेत. शिवाय राहतं घर मंडळीने भाड्याने घेतलेलं आहे, मुलगी बारावीत आहे. पद सोडलंत की महिन्या-दोन महिन्यांत घरही सोडावं लागेल. खचलेल्या माणसाने सामानाचा टेम्पो बोलवायची ही वेळ नव्हे.

पुलपिटावरून सगळं कबूल करणंही मला पटत नाही. ऐंशी घरांपुढे उघडं झालेलं मन परत घडी घालून ठेवता येत नाही, आणि नुकतंच ज्यांच्या घरातलं मूल गेलंय त्यांच्यावर तुमचं ओझं पडेल. प्रभूने गेथशेमानेत काय केलं बघा. अकरा शिष्य बागेत होते, पण पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच त्याने जवळ नेलं आणि माझा जीव मरणाएवढा खिन्न झालाय हे त्यांनाच सांगितलं. ते तिघंही झोपले, हा भाग वेगळा. तुमच्यापैकीही एखादा झोपेल. तरी तिघांना सांगायचंच.

पहिली तुमची बायको. दुसरा कोणी निवृत्त पाळक, तुमच्या मंडळीबाहेरचा, ज्याला तुमच्या जागेत काही रस नाही. ठाणे-कल्याणकडे असे बरेच जण आहेत, आणि त्यांना कोणी बोलावत नाही म्हणून ते खंतावलेले असतात. तिसरा पंचांपैकी एक, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. ज्याचा आवाज मोठा तो नको.

मग पंचांपुढे एवढंच ठेवा: “मला सहा आठवड्यांची विश्रांती हवी आहे. डॉक्टरांचे उपचार घेतोय. विश्वास सोडलेला नाही, थकलोय. रविवारची सोय अशी करू.” रजेचं कारण याहून जास्त द्यायची गरज नाही. सोय मात्र कागदावर घेऊन जा, कारण पंचकमिटीला सहानुभूतीपेक्षा तक्ता लवकर समजतो. उपदेशाला कोण, प्रभुभोजनाला कोण, रात्रीचा फोन कोणाकडे. फोनसाठी मंडळीच्या नावाचं वेगळं सिम घ्या, ते आठवड्याआठवड्याने हात बदलू दे. पीएफच्या कामाला कारखान्यात युनियनचं काम केलेला तुमच्यात कोणीतरी असणारच. हॉलसाठी तिघांची समिती नेमा, आणि त्या समितीत तुम्ही नको. इस्पितळातल्या भेटी महिला मंडळाकडे द्या. तुमच्याकडे इतक्या नर्स आहेत आणि आजाऱ्यांना भेटायला तुम्ही एकटे जाता, याचं मला एक नर्स म्हणून नवल वाटतं.

हे वाचणारे काही जण स्वतः पंच असतील, किंवा पाळकीणबाई, किंवा एखाद्या कॉन्व्हेंटच्या मदर. तुम्हाला एक सांगते. पाळकाला ‘कसे आहात’ विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. ‘मागच्या सोमवारी सुट्टी घेतलीत का, कुठे गेला होतात’ असं विचारा. आणि लागोपाठ दोन दुःखाचे दफनविधी झाले तर तिसऱ्याला दुसऱ्या मंडळीचा पाळक बोलवा.

प्रार्थनेबद्दल थोडं. तुमचे शब्द संपलेत तर दुसऱ्यांचे वापरा. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश तक्रारीची, रडण्याची आहेत. तेराव्याची सुरुवातच ‘कोठवर?’ अशी आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी स्तुतीची एक ओळ जोडून ते गोड करावं असं कोणाला वाटलं नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही वाचवत नसेल तर मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि नुसते ऐका. जुने उपदेश वाचल्याचा अपराध मनातून काढून टाका. मंडळीला ते आठवत नाहीत, विचारून बघा.

राहिला त्या आईचा प्रश्न. ‘माझा मुलगा कुठे असेल?’ तुमच्या सगळ्या खचण्याची मुळी इथे आहे असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं, पाळक असून उत्तर आलं नाही म्हणजे आत काही उरलं नाही. जुन्या काळी अशा मृतांना कबरस्तानाच्या कडेला पुरत, विधी नाकारत. तुम्ही पूर्ण विधी केलात, सगळ्यांच्या मध्ये जागा दिलीत. हेही एक उत्तर होतं, आणि तिने ते पाहिलंय. कॅथलिक धर्मशिक्षणातही आज स्पष्ट म्हटलेलं आहे की आत्महत्या केलेल्यांच्या तारणाची आशा सोडू नये. तुमच्या मंडळीला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय पुरेल: मरणही नाही, जीवनही नाही, काहीच त्या प्रीतीपासून तोडू शकत नाही. तिने पुन्हा विचारलं तर हे सांगा. पण विचारलं तरच. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की ती अजूनही दर शनिवारी संध्याकाळी हॉल झाडायला आणि सतरंज्या घालायला येते, आणि तुम्ही ती यायच्या आधी किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून निघून जाता. सहा आठवड्यांच्या विश्रांतीत उपदेश नको, भेटी नकोत, फोन नको. एवढी एक गोष्ट मात्र करा, पहिल्याच शनिवारी नाही, झोप जरा सुधारली की. किल्ली दुकानात ठेवू नका. थांबा. ती आली की दार उघडा आणि सतरंजीचं दुसरं टोक धरा. घालून झाल्यावर तिने चहाचं विचारलं तर हो म्हणा, बिनसाखरेचा.